हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी वजनकाटा: साधा डिजिटलच बरा

सांगलीच्या दुकानांत तीन प्रकारचे काटे मिळतात: स्प्रिंगचा, साधा डिजिटल आणि मोबाईलला जोडायचा स्मार्ट. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाची पंप करायची ताकद कमी पडते आणि अंगात पाणी साठतं; ते वजनात दिसतं, म्हणून रोज वजन करायचं. त्यासाठी आमचं मत साध्या डिजिटलला.

स्प्रिंगच्या काट्यावर अर्धा किलो सहज इकडचा तिकडे होतो, आणि इथे सगळा खेळ त्या अर्ध्या किलोचाच. स्मार्ट काटा तळपायातून बारीक करंट सोडून चरबी नि पाणी मोजतो. पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके बिघडले तर शॉक देणारं यंत्र) बसवलेल्यांनी तो वापरायचा नसतो; पाय सुजलेले असतील तर त्याचे आकडे तसेही भरवशाचे नाहीत. वर त्याचं अ‍ॅप बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ ला बहुधा ‘नॉर्मल’ म्हणतं. भारतीयांत जास्त वजन २३ पासूनच धरतात.

काटा १०० ग्रॅमपर्यंत मोजणारा, मोठ्या अंकांचा घ्या. दुकानातच वजन करा, मग पाव लिटर पाण्याची बाटली हातात धरून पुन्हा चढा. दोन-तीनशे ग्रॅम वाढलेच पाहिजेत. काही काटे थोडा फरक असला की मागचाच आकडा दाखवतात, ते इथे पकडले जातात.

घरी शहाबादीच्या सांध्यावर काट्याचा एक पाय आला तरी आकडा डुलतो. चारही पाय एकाच फरशीवर हवेत, खाली सतरंजी नको. काटा हलवला की एकदा पाय देऊन शून्य येऊ द्या. वजन सकाळी, लघवीनंतर, चहाआधी, रोज तशाच कपड्यांत करा. मूळ वजन धरायचं ते डिस्चार्जनंतर घरच्या पहिल्या सकाळचं, हॉस्पिटलच्या काट्यावरचं नव्हे.

‘तीन दिवसांत दोन किलो वाढले तर कळवा’ ही खूण युरोपच्या गाइडलाइनमधली. ९० किलोच्या माणसाला दोन किलो म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के, ४५ किलोच्या बाईला जवळपास साडेचार.  तरी सगळ्यांना एकच माप! बारीक अंगाच्या पेशंटने आपला आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत (पेशंटांच्या नोंदवहीत) पेशंटचं सरासरी वय ६१ निघालं, अमेरिकेतल्या एका मोठ्या रजिस्ट्रीत ७२. म्हणजे आपल्याकडचा पेशंट बऱ्याचदा अजून कामाला जाणारा, बाहेर खाणारा. संध्याकाळच्या भडंग-लोणच्यातलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, ते सकाळी काट्यावर दिसू शकतं.

वजन झपाट्याने उतरलं आणि चक्कर येत असेल तर तेही कळवा. लघवीची गोळी स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका. बॅटरी उतरत आली की आकडे भरकटतात. एक जादा सेल घेऊन ठेवा.