दोघांसाठीचा ‘मटन स्टेक बॉक्स’: तुकड्याचा आकार बघा, फसवणूक तिथेच कळते

लग्नाच्या वाढदिवसाला किंवा व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात मोबाइलवर एक जाहिरात हमखास दिसते. मेणबत्त्या, दोन ताटल्या, मधोमध जाडजूड लालसर मांसाचा तुकडा आणि खाली ‘शुद्ध बोकडाचा टेंडरलॉइन स्टेक, दोघांसाठी, घरपोच’. विदर्भातल्या तालुक्याच्या गावात किंवा खेड्यात असं हॉटेल नसतं. घरीच काहीतरी वेगळं करू म्हणून तरुण जोडपी पैसे भरतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घरी असाच बॉक्स आला. त्यात काय निघालं ते सविस्तर सांगतो, कारण हीच पद्धत सगळीकडे चालते.

1,499 रुपये आगाऊ, यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे तर एका माणसाच्या नावावर. माल आल्यावर पैसे द्यायची सोय नाही. पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालं आणि पहाटे फाट्यावर उतरलं. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या दोन पिशव्या, दोन्ही पाणी होऊन मऊ पडलेल्या. हवा काढलेली दोन पाकिटं, प्रत्येकी 250 ग्रॅम. पाकिटाच्या एका कोपऱ्यात गुलाबी बर्फाचा घट्ट गोळा जमलेला होता. मांसातलं पाणी एकदा वितळून कोपऱ्यात उतरलं आणि तिथेच पुन्हा गोठलं की असा गोळा होतो. म्हणजे माल वाटेत किंवा गोदामात आधीच एकदा वितळलेला होता.

फ्रीजमध्ये रात्रभर वितळल्यावर पाणी निथळून एक तुकडा 205 ग्रॅम भरला. तव्यावर टाकल्या टाकल्या त्याला पाणी सुटलं, फेस आला आणि मांस भाजण्याऐवजी उकडलं. वर तांबूस साल धरलीच नाही. मधोमध एक सरळ चीर पडून तुकड्याचे दोन भाग झाले, आणि दोन्हीकडचे धागे वेगवेगळ्या दिशेला. ताटात आला तेव्हा 120 ग्रॅम. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘तुम्हाला स्टेक करता येत नाही, तुम्ही जास्त शिजवला.’

या धंद्याचा सगळा भार या एका उत्तरावर आहे. स्टेक आपल्याकडे रोजचा नाही. करणाऱ्याला आधीच धाकधूक असते, समोर आपलं माणूस बसलेलं असतं, आणि दोष स्वतःकडे घेऊन दोघंही गप्प बसतात. म्हणून बोकडाचं अंग आणि तव्याचं गणित, दोन्ही माहीत असायला हवं.

आधी अंग. बाजारात कापला जाणारा 25 किलोचा बोकड घ्या. त्याचं सोललेलं धड साधारण 12 किलो भरतं, जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास. टेंडरलॉइन म्हणजे कण्याच्या आतल्या अंगाला, गुर्द्याजवळून मागे जाणारी मऊ पट्टी. अशा बोकडात त्या दोनच असतात. एकेक पट्टी जेमतेम दोन बोटं जाड आणि शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, बहुतेकदा कमीच. कण्याच्या वरच्या बाजूची पट्टी लांब असते, पण तिचा आडवा काप चार-पाच सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. तळहाताएवढा काप बोकडात मिळतो तो फक्त मांडीचा. त्यात मधोमध हाडाची गोल नळी असते आणि भोवती पातळ पडद्यांनी वेगळे झालेले तीन-चार स्नायू स्पष्ट दिसतात.

आता जाहिरातीतला तुकडा आठवा. तळहाताएवढा रुंद, दोन इंच जाड, बिनहाडाचा, एकाच धाग्याचा, 250 ग्रॅम. असा तुकडा बोकडात नाही, मेंढ्यातही नाही. तो एक तर मोठ्या जनावराचा असतो, नाहीतर लहान तुकडे चिकटवून, दाबून, गोठवून कापलेला असतो. मांस चिकटवणारं एन्झाइम खाद्य उद्योगात वापरात आहे. त्याने जोडलेला तुकडा कच्चा असताना एकसंध दिसतो. जोडकाम कच्चं असेल तर तव्यावर तो जोडावरच उलतो. वर सांगितलेली सरळ चीर तीच.

मोठ्या जनावराची गोष्ट आपल्या राज्यात साधी नाही. महाराष्ट्रात गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे. 1976 च्या कायद्यातली ती दुरुस्ती मार्च 2015 पासून लागू आहे. म्हैसवर्गीय जनावर सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यानंतरच कापता येतं. परदेशी पाककृतींमध्ये स्टेक बहुधा गोमांसाचा असतो, तेच फोटो उचलून खाली ‘बोकड’ लिहिलं जातं. घरी आलेलं मांस नेमकं कशाचं, ही शंका एकदा आली की घेणारा तक्रारीलाही घाबरतो. ज्यांच्या घरी ते मांस चालत नाही त्यांचं तर काळीज तुटतं. पैशापेक्षा ही जखम मोठी, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. नुसत्या डोळ्यांनी पक्कं ठरवता येत नाही, पण अंदाज येतो: म्हशीच्या मांसाचा धागा जाड आणि भरड, रंग गडद, कोवळ्या बोकडाचा धागा बारीक, रंग फिकट लाल. पक्कं निदान डीएनए तपासणीनेच होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत मांस कोणत्या प्राण्याचं हे तपासण्याची सोय आहे.

एक मात्र न्यायाने सांगायला हवं. हवा काढलेल्या पाकिटातलं मांस जांभळट, काळपट दिसतं, ते खराब नसतं. पाकीट फोडून पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवलं की हवा लागून लाल होतं. तेवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नका. उलट चरबीसकट सगळं एकसारखं लालभडक असेल तर शंका घ्या. बोकडाची चरबी पांढरी असते. ओल्या पांढऱ्या कापडाने चरबी पुसा. कापडाला गडद रंग लागला तर रंग लावलेला आहे.

मग स्टेकसाठी घ्यायचं कुठून? आठवडी बाजारातल्या ओळखीच्या खाटकाकडून, किंवा गावात चार घरं मिळून बोकड कापतात तेव्हा आपला हिस्सा सांगून. तिथेही डोळे उघडे हवेत, विशेषतः आखाडात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. मागणी एवढी असते की म्हातारी शेळीसुद्धा बोकड म्हणून टांगली जाते.

मुंडी बघायला मागा आणि खालचा जबडा उघडा. सगळे दुधाचे बारीक दात म्हणजे अदत, वय साधारण वर्षाच्या आतबाहेर. मधले दोन रुंद दात आलेले म्हणजे दोन दाती, सव्वा-दीड वर्षाचा. तव्यावरच्या स्टेकला हे दोनच चालतात. चार दाती रश्श्याला उत्तम. आठही दात आलेला, जुळलेला, तव्यावर कधीच मऊ होणार नाही. त्याला कुकर आणि सावजी मसालाच हवा. मुंडी आधीच विकली गेली असं सांगितलं तर बरगड्या बघा. कोवळ्या जनावराची बरगडी अरुंद, गोलसर आणि आतून लालसर असते. म्हाताऱ्याची रुंद, चपटी, पांढरी. बोकड दाखवण्यासाठी धडाला अंडकोश ठेवतात. ते अंगाचेच आहेत की दोऱ्याने किंवा काडीने अडकवलेले आहेत, हे जवळ जाऊन बघा. मागच्या मांड्यांच्या मधे स्पंजासारखा पांढरट भाग दिसला तर ती कास आहे, जनावर मादी आहे. शेळीचं मांस वाईट नसतं, पण बोकडाचा भाव देऊन ते घेऊ नये. मोठ्या, खच्ची न केलेल्या बोकडाला उग्र वास येतो, आणि स्टेकमध्ये तो वास झाकायला मसाला नसतो.

वजनाची चोरी ओळखायला घरून मिठाचं एक किलोचं सीलबंद पाकीट न्या. काट्यावर ठेवा, पिशवी धरून एक किलोपेक्षा पाच-सात ग्रॅम जास्त दिसायला हवं. वीस-तीस ग्रॅमचा फरक दिसला तर पुढच्या दुकानात जा. मांस ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे ना हे बघा, आणि परात ठेवल्यावर तो पुन्हा शून्यावर आणायला सांगा. काट्यावर वैधमापन विभागाचा त्या वर्षीचा शिक्का असावा. मांस बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवलेलं असेल तर घेऊच नका. चांगल्या तुकड्यावर कोरडा कागद दाबला तर तो दमट होतो. पाणी भरलेल्यावर दाबला तर ओलाचिंब होऊन फाटतो.

खाटकाला सांगायचं: पाठीचा चाप, म्हणजे बरगड्यांसकट पाठीचा पट्टा, अखंड ठेवा, दोन बरगड्यांचा एक काप, एक इंच जाड. सत्तूराने घाव घालून नको, सुरीने कापून फक्त हाड तोडा. घाव बसला की हाडाच्या कपच्या मांसात घुसतात. दोघांना असे चार काप, मिळून 500 ग्रॅम, पुरतात. चाप मिळाला नाही तर मांडीच्या वरच्या भागाच्या दोन आडव्या चकत्या.

आता तवा. सकाळी कापलेलं मांस दुपारी तव्यावर टाकू नका. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि मांस चिवट होतं. फ्रीजमध्ये 24 तासांनी ते सैल पडतं. म्हणून आदल्या दिवशी आणा. आणतानाही उन्हाचं भान हवं. 32 अंशांच्या वर उघडं मांस तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, आणि मे महिन्यात तर आपल्याकडे पारा 45 ला जातो. स्टीलच्या डब्यात बर्फ घालूनच बाजाराला जा.

500 ग्रॅमला सपाट एक चहाचा चमचा मीठ दोन्ही बाजूंनी चोळून, चाळणीवर, झाकण न घालता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर. वरचा भाग सुकतो, तेच हवं. जनावर दोन दाती असेल तर करण्याआधी अर्धा तास कच्च्या पपईचा एक चहाचा चमचा गर लावा आणि पुसून टाका. गर जास्त किंवा जास्त वेळ राहिला तर मांसाचा बाहेरून पिठूळ लगदा होतो. अदत बोकडाला पपई नकोच.

तव्यावर टाकण्याआधी तुकडे अर्धा तास बाहेर काढून कापडाने पूर्ण कोरडे करा. बिडाचा तवा मोठ्या आचेवर एवढा तापवा की पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत पळेल. एक टेबलचमचा शेंगदाण्याचं तेल. जवसाचं नको, ते लवकर जळतं आणि कडवट होतं. एका वेळी दोनच काप टाका. चार एकदम टाकले तर तवा थंड पडतो आणि चांगल्या मांसालाही पाणी सुटतं. दोन मिनिटं हलवू नका. खालून खरपूस झाला की आपोआप सुटतो. उलटून पुन्हा दोन मिनिटं, चरबीची कड चिमट्याने उभी धरून एक मिनिट, मग आच मंद करून झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. आलं-लसणाची पेस्ट आधी लावू नका, ती या आचेवर काळी पडते. शेवटच्या मिनिटाला चमचाभर लोणी, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, भरड मिरे आणि भिवापुरी मिरचीची चिमूट घाला, आणि तेच लोणी चमच्याने वरून ओतत राहा. उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर कापताना सगळा रस ताटात जातो. थर्मामीटर असेल तर मधोमध किमान 63 अंश हवेत. मांस कुठून आलं याची खात्री नसेल तर 71 पर्यंत न्या. त्याच तव्यात अर्ध्या संत्र्याचा रस टाकून आटवला की सॉस तयार होतो.

इतकं करून चांगला तुकडा पाव हिस्सा, फार तर तीन दशांश वजन गमावतो. 250 ग्रॅमचा 175 ते 190 उरतो. 120 उरला तर चूक नुसत्या स्वयंपाकाची नाही, आणि विकणाऱ्याला हाच आकडा तोंडावर सांगता येतो. स्वयंपाकघरातला दहा किलोचा साधा डिजिटल काटा यासाठी पुरतो. पाकिटासकट, वितळून निथळल्यावर आणि तव्यावरून उतरल्यावर, तिन्ही वेळा वजनाचा फोटो काढून ठेवा.

बॉक्स मागवायचाच असेल तर आधी पाकिटाच्या लेबलचा फोटो मागा. त्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेचा 14 अंकी क्रमांक, उत्पादकाचं नाव आणि पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची आणि वापराची अंतिम तारीख हवी. क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नाव जुळलं नाही तर पैसे भरू नका. पैसे घेऊन माल आलाच नाही तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. माल आला पण सांगितलेला नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासन कार्यालय. तिथे रिकाम्या हाताने गेलात तर काम पुढे सरकत नाही. म्हणून दोन पाकिटांपैकी एकच फोडा. पहिल्यात गडबड दिसली तर दुसरं तसंच सीलबंद, लेबलसकट फ्रीझरमध्ये ठेवा आणि पैसे भरल्याची पावती व ट्रॅव्हल्सची चिठ्ठी त्याच्यासोबत जपा.