यूपीएसची यूएसबी केबल जोडून वापरतोय, काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, इथे लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. घरच्या डेस्कटॉपवर बायकोच्या बचत गटाचा हिशोब असतो आणि पोरीचा अभ्यास, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर 600 व्हीए क्षमतेचा यूपीएस, म्हणजे लाइन गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, घेतला. बॅकअपबद्दल काही तक्रार नाही, सीपीयू आणि मॉनिटर आरामात चालतात.

पण यूपीएसच्या मागचं चौकोनी यूएसबी पोर्ट कशासाठी असतं हे बऱ्याच जणांना दुकानदार सांगतच नाहीत. ती केबल सीपीयूला जोडली की यूपीएस विंडोजला कळवतो, लाइन गेली, बॅटरी इतकी उरली, मग घरी कोणी नसलं तरी कॉम्प्युटर स्वतःच हायबरनेट होतो, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून बंद होतो, धाडकन बंद पडत नाही. माझ्या मते अर्धे पैसे याच सोयीचे आहेत. प्रिंटरची असते तशीच केबल लागते. काही मॉडेलला लॅनसारखं दिसणारं 10 पिनचं पोर्ट येतं, त्याला मात्र कंपनीचीच केबल लागते.

जोडल्याबरोबर खाली लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह आलं, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या वस्तूंची यादी) एचआयडी यूपीएस बॅटरी या नावानं यूपीएस दिसायला लागला, ड्रायव्हर वगैरे काही टाकावं लागलं नाही. खरा त्रास सुरू झाला रब्बीत. हरभऱ्याच्या पाण्यासाठी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज लय खाली यायचं, यूपीएसमधला रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टक् वाजायचा आणि त्याच क्षणी यूएसबी सुटल्याचा आवाज, चिन्ह गायब, थोड्या वेळानं परत हजर. कस्टमर केअरवाले दर वेळी विंडोज नवीन टाका एवढंच सांगत होते.

आधी केबल समोरच्या पोर्टमधून काढून मागे थेट मदरबोर्डला लावली, पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारं सेटिंग, बंद केलं. थोडा फरक पडला. मग गावातल्या वायरमनला बोलावलं, त्यानं टेस्टर लावून पाहिलं अन् म्हणाला, "भाऊ, या बोर्डाले अर्थिंगच नाही ना, कॅबिनेटले हात लावला का झिणझिण्या येत असतील." येतच होत्या! अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा टाकून नवीन अर्थिंग केलं, लांब केबल काढून आखूड, दोन्ही टोकांना काळा गोळा (विजेचा गोंगाट अडवणारा) असलेली लावली. तेव्हापासून रिले कितीही वाजो, कनेक्शन सुटत नाही. दोन्ही कामं एकाच दिवशी केली त्यामुळे कशानं किती फरक पडला ते वेगळं सांगता येणार नाही, पण अर्थिंग तर सगळ्यांनी कराच बाप्पा, तो जिवाचा प्रश्न आहे.

विंडोजच्या सेटिंगमध्ये क्रिटिकल बॅटरी लेव्हल, म्हणजे कितीवर आल्यावर कॉम्प्युटर बंद करायचा ती पातळी, 30 टक्के ठेवली आहे, कारण 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी जुनी होत गेली की टक्के हळूहळू उतरत नाहीत, एकदम कोसळतात. त्याच्या ॲक्शनमध्ये हायबरनेट निवडा, स्लीप नको, स्लीपमध्ये बॅटरी संपली तर उघडं काम जाऊ शकतं. यूपीएस कंपनीचं सॉफ्टवेअर आणि विंडोजचं सेटिंग दोन्ही सोबत ठेवू नका, एकच काय ते ठेवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना लोड एकदम वाढतो.

लाइन गेल्यावर हे सगळं चालतं का याची टेस्ट करायची तर यूपीएसचा प्लग उपसू नका, अर्थिंग तुटतं, बोर्डाचं बटण बंद करा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या घरात जातो आणि असल्या बॅटऱ्या उष्णतेनंच लवकर बसतात, म्हणून यूपीएस टिनाखालच्या खोलीतून काढून मधल्या खोलीत, भिंतीपासून जरा सोडून ठेवलाय, आणि मे महिन्यात ही टेस्ट दर आठवड्याला करणार आहे.