सहा फुटी एसएमबी, आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरात घेतलेला, आता पाऊस लागला म्हणून धुवून ठेवतेय तर म्हटलं लिहूनच टाकते. सरफेस मार्कर बॉय म्हणजे पाण्याखालूनच हवा भरून वर सोडायचा केशरी लांबट फुगा, सोबत ३० मीटर दोरीचं स्पूल. मालवणला किनाऱ्याजवळ डाइव्ह करायचे तोवर याची गरज वाटली नव्हती, बोट डोक्यावरच असायची. पण नेत्राणी बेटाला मुरुडेश्वरहून बोटीने बरंच आत जावं लागतं आणि जानेवारीत तिथे करंटने आम्हाला असं लांब नेलं की मध्ये नुसत्या लाटा. बोटीवरून पाण्यातलं डोकं म्हणजे नारळी पौर्णिमेचा वाहत चाललेला नारळ, दिसला तर दिसला. आम्ही ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपलाच, म्हणजे वर येण्याआधी थोडा वेळ थांबतो तिथेच, फुगे सोडले होते म्हणून वर यायच्या आधीच बोट वळली होती. बडीचा, म्हणजे माझ्या डाइव्हच्या जोडीदाराचा, तीन फुटी होता, तो बोटवाल्याला दिसलाच नाही, माझा दिसला.

पण आधी पूलमध्ये खूप प्रॅक्टिस करा. १० मीटरवर अर्धाच भरायचा, वर जाईपर्यंत दाब निम्मा होतो आणि हवा दुप्पट. आणि सोडताना स्पूल जॅकेटला अडकवलेलं नको, दोरी गुंतली तर फुगा तुम्हालाच वर ओढून नेईल, फुप्फुसांशी खेळ आहे तो.

तक्रारी आहेत. क्लिप चार महिन्यांत गंजली, ३१६ स्टीलची (खाऱ्या पाण्यात सहज न गंजणारं स्टील) वेगळी घेतली. सोबतची शिट्टी ओली झाली की आतला मणी अडकतो, बिनमण्याची घ्या. मुंबईच्या दमट हवेत गुंडाळून ठेवला तर आतून चिकटतो, मी गोड्या पाण्याने धुवून, सावलीत वाळवून टाल्कम लावते.

सॅटेलाइट फोन का नाही विचाराल तर थुराया, इरिडियम परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, बाहेरून आणूच नका. त्यापेक्षा बोट ठरवताना चॅनल १६ (समुद्रातला आणीबाणीचा चॅनल) लावलेला व्हीएचएफ रेडिओ आणि आणीबाणीसाठी ऑक्सिजन सिलिंडर आहे का ते विचारा, मी तरी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरत नाही. आत मोबाइलला रेंज नसते, म्हणून परतायची वेळ घरी फ्रिजवर चिकटवून जाते, खाली कोस्ट गार्डचा १५५४, आणि तासभर उशीर झाला तर आधी बोटवाल्याच्या ऑफिसला आणि लगेच कोस्ट गार्डला फोन लावायचा असं आईला सांगून ठेवलंय.