बागेत कोणता अक्रोड लावावा?

अक्रोडाचं रोप निवडताना बहुतेकांची नजर फळावर असते. माझ्या मते आधी जागा मोजावी आणि त्या झाडाखाली पुढे काय पिकवायचं आहे ते ठरवावं. फळाचा विचार त्यानंतर.

आपण खातो तो पर्शियन अक्रोड. कवच पातळ, गर सहज निघतो. झाड पंचवीस-तीस मीटरपर्यंत जातं, साल फिकट राखाडी, आणि एका पानाला साधारण 5 ते 9 गुळगुळीत कडांच्या पर्णिका असतात. खाण्यासाठीच झाड हवं असेल तर दुसरीकडे बघायची गरज नाही. अडचण एकच: पालवी लवकर फुटते आणि वसंतातल्या उशिराच्या हिमात कोवळे तुरे करपतात. असं हिम पडत असेल तर उशिरा फुटणारं ‘फ्रँकेट’ घ्या, कडाक्याच्या थंडीत कार्पेथियन वाण टिकतात. ‘चँडलर’ बाजूच्या फांद्यांवरही फळतं, त्यामुळे भरघोस उत्पन्न देतं.

काळा अक्रोड मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. उंच, देखणा, लाकूड गडद आणि मौल्यवान. पण घरच्या बागेत तो लावताना दहा वेळा विचार करा. त्याच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या हिरव्या सालीत जुग्लोन नावाचं, दुसऱ्या अनेक झाडांना मारक ठरणारं द्रव्य असतं. मुळांच्या टापूत लावलेला टोमॅटो पाणी असूनही मान टाकतो. बटाटा, सफरचंद, अझेलिया यांचंही तेच. कांदा, गाजर, मका मात्र बरेचसे तग धरतात. झाड तोडलं तरी कुजणाऱ्या मुळांमुळे हा त्रास काही वर्षं राहू शकतो. शिवाय कवच इतकं टणक की हातोडी लागते, आणि साल सोलताना बोटांना लागलेला तपकिरी डाग साबणाने जात नाही. मोठी मोकळी जमीन आणि लांबचा विचार असेल तरच हा लावावा.

इथे एक गोष्ट रोपवाटिकेत हमखास विचारा: कलम कोणत्या खुंटावर बांधलंय? वर पर्शियन आणि खाली काळा असेल, तर जमिनीत मुळं काळ्याचीच पसरणार, आणि जुग्लोनचा त्रासही आलाच.

मध्यम बागेसाठी माझी पसंती जपानी अक्रोडाच्या हृदयाकृती फळाच्या प्रकाराला, म्हणजे हार्टनटला. उंची पंधरा-वीस मीटरच्या आसपास, घेर मात्र ऐसपैस. फळांचे लांब घोस लोंबतात, आणि बी शिवणीवर नीट फुटलं तर गर अख्खा, हृदयाच्याच आकाराचा हाती येतो. सावली आणि शोभा दोन्ही साधतात.

बटरनट हा अक्रोडाचाच अमेरिकी भाऊबंद. चव लोण्यासारखी, पण 1967 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोंदलेल्या बुरशीजन्य कँकर रोगाने (यात सालीवर जखमा पडतात) तिथली झाडं मोठ्या प्रमाणावर मारली. नव्या बागेसाठी मी तो सुचवणार नाही.

कोणताही घेतलात तरी शक्य तर कलमी रोप घ्या. बियांपासूनच्या झाडाला फळासाठी बरीच जास्त वर्षं लागतात. जमीन खोल आणि निचऱ्याची हवी. सोटमूळ खोल जातं, म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावा. एकाच झाडाचे नर-मादी फुलोरे बहुधा वेगवेगळ्या वेळी उमलतात, तेव्हा वेगळ्या वाणाचं दुसरं झाड जवळपास असेल तर फळं चांगली धरतात. छाटणी हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात नको, कापलेल्या जागेतून रस वाहत राहतो. ती भर उन्हाळ्यात उरका.