क्लिनिकल सायकॉलॉजी की सायकिॲट्रिक सोशल वर्क? निवडीपूर्वी

पदवीनंतर मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढच्या क्लिनिकल सायकॉलॉजी (मानसिक आजारांचे मानसशास्त्रीय निदान व उपचार) आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क (मनोरुग्ण व त्यांच्या कुटुंबासाठीचे समाजकार्य) या दोन वाटा मानसशास्त्रातील एम.ए. आणि एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) यांच्या प्रवेशापाशीच वेगळ्या होतात. पुढे वाट बदलायची तर पदव्युत्तर पदवी पुन्हा घ्यावी लागते. त्यामुळे कायदा या दोन व्यवसायांना कोणते स्थान देतो, हे आधी पाहिलेले बरे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दोन्ही व्यवसायांच्या व्याख्या आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला सर्वसाधारणपणे मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. (पदव्युत्तर पदवीनंतरचा अभ्यासक्रम) लागतो, सायकिॲट्रिक सोशल वर्करला एम.एस.डब्ल्यू. आणि त्या विषयातला तेवढ्याच मुदतीचा, देखरेखीखालील प्रशिक्षणासह एम.फिल. लागतो. कलम ५५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्यावर दोघेही सारख्याच हक्काने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ ठरतात. या मान्यतेला प्रत्यक्ष वजन आहे: कलम ८९ खाली एखाद्याला मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज असलेला रुग्ण म्हणून दाखल करताना मनोविकारतज्ज्ञासोबत ज्या दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्र तपासणी करायची, ती व्यक्ती नोंदणीकृत सायकिॲट्रिक सोशल वर्कर असू शकते. औषधे लिहून देण्याचा अधिकार मात्र दोघांनाही नाही.

फरक पडतो तो नोंदणीच्या आधारात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्वास परिषदेचा, देशभर चालणारा नोंदणी क्रमांक मिळतो, तर सायकिॲट्रिक सोशल वर्करची भिस्त राज्य प्राधिकरणावर राहते. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याच्या यादीत सायकिॲट्रिक आणि मेडिकल सोशल वर्कर यांचा समावेश झाला, ही मला मोलाची गोष्ट वाटते.

सोशल वर्करच्या लोकमान्यतेची अडचण याहून जुनी आहे. मराठीत ‘समाजसेवक’ म्हणजे लोकांच्या अडीअडचणीला धावून जाणारा कोणीही, त्यामुळे चार वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीलाही नातेवाईक कागदपत्रांपुरतेच गाठतात. वास्तविक घरची परिस्थिती समजून घेणे, कुटुंबाचे समुपदेशन करणे, बरा झालेला रुग्ण घरी परतण्याआधी घराला त्यासाठी तयार करणे आणि अपंगत्वाच्या दाखल्यापासून रोजगारापर्यंत पाठपुरावा करणे हा उपचाराचाच भाग आहे. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयातून बाहेर पडणारा माणूस घरी टिकेल की पुन्हा दाखल होईल, हे पुष्कळदा याच कामावर ठरते. मानसशास्त्रीय चाचण्या आणि दीर्घकाळची वैयक्तिक मानसोपचार सत्रे यांत ज्यांचे मन रमते त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजी निवडावी. आजाराइतकेच आजाऱ्याच्या घरादाराकडे ज्यांचे लक्ष जाते त्यांनी ओळख कमी मिळेल या भीतीने सोशल वर्क सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र केवळ एम.एस.डब्ल्यू.वर थांबल्यास रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकासारखी पदे मिळू शकतात, पण २०१७ च्या कायद्यातील व्याख्या पूर्ण होत नाही. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केला आणि या दोन विषयांना २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत सवलत दिली. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावे की आता मिळणारी पदवी कोणती, ती कायद्यातील व्याख्येत बसते का आणि तिच्या आधारे राज्य प्राधिकरण नोंदणी करते का.