इनोव्हेशन डॉलर जमवायचे तर कसे: रोल, प्रूफ की रिव्हर्स प्रूफ?

अमेरिकी टांकसाळीची 'अमेरिकन इनोव्हेशन' ही एक डॉलरच्या नाण्यांची मालिका 2018 मध्ये सुरू झाली आणि 2032 पर्यंत चालणार आहे. पहिलं नाणं प्रास्ताविक, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही. 1790 मधल्या पहिल्या पेटंटवर त्याने केलेली. 2019 पासून दर वर्षी चार नाणी. 50 राज्यं संघराज्यात ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने, मग राजधानीचा जिल्हा आणि 5 प्रदेश. एकूण 57. ही नाणी कायदेशीर चलन असली तरी व्यवहारात सोडली जात नाहीत. सुट्ट्या पैशांत एखादं सापडेल ही आशा नको. विकतच घ्यायची, तेव्हा कोणत्या रूपात घ्यायची ते आधी ठरवलेलं बरं, कारण मध्येच प्रकार बदलला की संच विजोड दिसतो.

धातू सगळ्या प्रकारांत एकच: आत शुद्ध तांबं, वर मँगनीज-पितळेचा थर. वजन 8.1 ग्रॅम, व्यास 26.5 मिलिमीटर, जाडी 2 मिलिमीटर. पिवळी झळाळी पाहून कुणी 'सोन्याचा मुलामा' म्हणून विकत असेल तर तिथूनच परत फिरा. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं नाणं, तेही पितळीच असतं.

फरक आहे तो ठशात, टांकसाळीत आणि कडेत.

कडेकडे नवखे लोक लक्षच देत नाहीत. या नाण्यांवर वर्ष आणि टांकसाळीची खूण दर्शनी बाजूवर नसते, मागेही नसते. या दोन्ही गोष्टी नाण्याच्या कडेवर कोरलेल्या असतात. नाणं अल्बमच्या भोकात किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसलं की फिलाडेल्फियाचं 'पी' कोणतं आणि डेन्व्हरचं 'डी' कोणतं, हे कळायला पुन्हा बाहेर काढण्यावाचून मार्ग नाही. म्हणून चौकटीत घालण्याआधीच भिंगाखाली कड वाचायची आणि वर्ष व खूण पुठ्ठ्यावर लिहून टाकायची.

रोलमध्ये, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नळीत, 25 नाणी येतात, पिशवीत 100, दोन्ही 'पी' किंवा 'डी'. 2018 मध्ये रोल सुमारे 33 डॉलरला आणि पिशवी सुमारे 112 डॉलरला होती. नंतर किमती चढल्या आहेत, पण हिशेब तोच. दर्शनी किमतीवर रोलमध्ये नाण्यामागे सुमारे 32 सेंट जादा जायचे, पिशवीत 12. पिशवी स्वस्त, पण नाणी एकमेकांवर आपटत येतात आणि दर्शनी बाजूवरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवतीच्या सपाट जागेवर ओरखडे पडतात. रोलमध्ये ते कमी असतात, पण असतातच. रोल फोडायचा, तिरप्या उजेडात 25 नाणी फिरवून पाहायची, उत्तम एक ठेवायचं आणि उरलेली 24 बँकेत भरायची. हे अमेरिकेत राहणाऱ्यालाच परवडतं. भारतात परकीय चलन बदलून देणारे सहसा नाणी घेत नाहीत, त्यामुळे इथे आणलेला उरलेला रोल म्हणजे 200 ग्रॅमचं ओझं.

शिवाय 57 नाण्यांसाठी 57 रोल म्हणजे दर्शनी किमतीतच 1,425 डॉलर गुंतले. 'पी' आणि 'डी' दोन्ही हवेत तर दुप्पट. एकट्याने हा मार्ग धरू नये. तिथल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळातले पाचसहा जण मिळून रोल मागवत असतील आणि वाटून घेत असतील, तर मात्र याहून स्वस्त काही नाही.

रोलची एक खरी गंमत आहे. त्यातल्या नाण्यांच्या कडेवरची अक्षरं ठसा पडल्यानंतर वेगळ्या यंत्रात उमटवली जातात आणि त्या यंत्रात नाणं उलटं की सुलटं जाईल याला धरबंध नसतो. दर्शनी बाजू वर ठेवल्यावर कडेची अक्षरं उलटी वाचली तर 'पोझिशन ए', सुलटी वाचली तर 'पोझिशन बी'. ही चूक नव्हे, दोन्ही सर्रास मिळतात. 'दुर्मीळ उलटी कड' म्हणून जादा पैसे देऊ नका. कड कोरी राहिली असेल तर ती खरी चूक, आणि तिला मोल आहे.

प्रूफ नाणी सॅन फ्रान्सिस्कोत पाडतात, खूण 'एस'. वर्षाची चारही नाणी एका पारदर्शक चौकटीत येतात. त्यांची कड ठशाबरोबरच उमटते, म्हणून 'ए', 'बी' ही भानगड नाही. पार्श्वभूमी आरशासारखी, चित्र दुधी. रिव्हर्स प्रूफमध्ये नेमकं उलट: पार्श्वभूमी दुधी, चित्र चकचकीत. कोणतं चांगलं, हे नाण्यागणिक बदलतं. 2019 च्या डेलावेअरच्या नाण्यावर ताऱ्यांचं वर्गीकरण करणाऱ्या ॲनी जंप कॅननची छायाकृती रात्रीच्या आकाशासमोर आहे. प्रूफमध्ये ते आकाश खरोखर काळंभोर दिसतं, रिव्हर्समध्ये फिकटतं. 2020 चं मेरीलँडचं हबल दुर्बिणीचं नाणंही प्रूफमध्येच खुलतं. उलट 2021 च्या न्यू हॅम्पशायरच्या नाण्यावर घरच्या पहिल्या व्हिडिओ गेमचा पडदा आणि 'प्लेअर 1' ही खोलगट अक्षरं आहेत. ते रिव्हर्समध्येही छान वाटतं.

रिव्हर्स प्रूफची संख्या मर्यादित असते, पहिल्या नाण्याला 75,000 ची मर्यादा होती. पण मर्यादित म्हणजे भाव चढणारच, असं नाही. मागचं एखादं वर्ष हुकलं तर इतर विक्रेत्यांकडून घेऊन भरून काढावं लागतं, आणि तिथे प्रूफपेक्षा रिव्हर्सला जास्त मोजावे लागतात. 2032 पर्यंत नेटाने घेत राहणार असाल तरच त्या वाटेला जा. आमचा कौल सरळ आहे: पूर्ण 57 हवी असतील तर दर वर्षीचा प्रूफ संच. ग्रेड करून, म्हणजे दर्जा तपासून श्रेणी देऊन, डबीत बंद केलेली नवी नाणी घेऊ नका. टांकसाळीतून आलेलं प्रूफ बहुधा वरच्याच श्रेणीचं असतं, जादा पैसे डबीचे जातात.

सगळी नको असतील तर विषय धरा. अवकाश: हबल, 2024 चं अलाबामाचं सॅटर्न 5 रॉकेट, 2025 चं फ्लोरिडाचं स्पेस शटल. वैद्यक: पेनसिल्व्हेनियाची पोलिओ लस, मिसिसिपीचं फुफ्फुसरोपण, मेनचं डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेच्या झटक्याने हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र. शेती: इलिनॉयचा पोलादी नांगर, मिसुरीचे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, 2026 चं आयोवाचं, गहूसंशोधक नॉर्मन बोरलॉग यांचं. 1966 मध्ये मेक्सिकोहून भारतात 18,000 टन गव्हाचं बियाणं आलं ते याच माणसाच्या कामातून. भारतातल्या संग्राहकाने एकच नाणं घ्यायचं तर हे. नावात 'इनोव्हेशन' असलं तरी प्रत्येक नाण्यावर यंत्र असेल असं समजू नका. केंटकीवर ब्लूग्रास संगीत आहे.

साठवणुकीत मँगनीज-पितळ हट्टी आहे. बोटाचा ठसा काही महिन्यांत तपकिरी होऊन कायमचा बसतो, कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्याहून लवकर. नाणं कडेने धरा, 26.5 मिलिमीटरची कॅप्सूल वापरा, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओलावली की बदला. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून हिरवट चिकटा सुटतो. नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता तो काढता येतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर द्रव्यं असतात. चिंच किंवा पितांबरी तर मुळीच नको: देवाची भांडी त्याने उजळतात, पण प्रूफचा आरसा एका हातात जातो. पुठ्ठ्याच्या चौकटी वापरणार असाल तर पिनांची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर रेघ उमटते.