कोपराचा जुना वाकडेपणा: थांबावे की शस्त्रक्रिया करावी, आणि केली तर कोणती?

ओट्यावरून किंवा घसरगुंडीवरून तळहातावर पडलेल्या पाच ते आठ वर्षांच्या मुलाचे दंडाचे हाड बहुधा कोपराच्या थोडे वर मोडते. ते लवकर जुळते, पण कधीकधी तिरके जुळते. निरोगी कोपरात हात सरळ करून तळवा पुढे केला की मनगटाकडचा भाग साधारण ५ ते १५ अंश बाहेर झुकतो. तिरक्या जुळलेल्या हातात तो आत वळतो आणि हात बंदुकीच्या दस्त्यासारखा दिसू लागतो. डॉक्टर यालाच क्युबिटस व्हारस म्हणतात.

'मूल वाढेल तसे हाड सरळ होईल' ही आशा जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि नेमकी तीच फसवी आहे. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम २० टक्के. त्यामुळे पुढे-मागे झालेला झुकाव लहान वयात काहीसा सुधारतो, आत वळलेला कोन मात्र तसाच राहतो. तरीही थांबण्याच्या बाजूने सबळ कारण आहे: असा हात सहसा दुखत नाही आणि रोजची सगळी कामे करतो. उलट बाजूला, अशा कोपराच्या बाहेरील हाडाला पुन्हा फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो, आणि काहींना अनेक वर्षांनी करंगळीकडे मुंग्या येणे किंवा सांधा सैल पडणे असे त्रास होतात. दोन्ही हातांतील फरक थोडा असेल तर मी थांबण्याच्या बाजूचा आहे. पण फरक ठळक असेल आणि मूल तो हात लपवू लागले असेल, तर 'नुसते दिसण्यासाठी कशाला' असे म्हणून त्याचे दुःख उडवून लावू नये. दुखापतीनंतर साधारण वर्षभराने, हालचाल पूर्ण परत आल्यावर, दोन्ही हातांचे एक्स-रे शेजारी ठेवून निर्णय घेणे बरे.

शस्त्रक्रिया ठरली, की खरी तुलना दोन मार्गांत असते. पहिल्यात बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून फट मिटवतात. आतल्या बाजूचे हाडाचे पातळ कवच बिजागरीसारखे अखंड राखले तर जोड स्थिर राहतो, लहान मुलांत तारा आणि प्लास्टर बहुतेकदा पुरतात, आणि तारा पुढे काही आठवड्यांनी काढता येतात. या पहिल्या मार्गाचा दोष असा, की कोन सुधारला तरी कोपराच्या बाहेर हाडाचा उंचवटा उरू शकतो. लहान वयात तो पुष्कळसा बुजतो. वाढ संपत आलेल्या मुलात तो राहतो, आणि ज्या दिसण्यासाठी खटाटोप केला तेच अर्धवट साधते. दुसऱ्या मार्गात हाड पायरीसारखे किंवा घुमटाच्या कमानीसारखे कापतात. त्याने उंचवटा टळतो, पण काम अवघड आहे, हाड जास्त उघडावे लागते आणि मोठ्या मुलांत बहुधा प्लेट बसवावी लागते, जी काढायची ठरल्यास दुसरी शस्त्रक्रिया आली. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मी साधी पाचर निवडेन, चौदा-पंधराव्या वर्षी पायरीचा किंवा कमानीचा छेद. आणि दोन्ही वेळी, सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे तिला झुकते माप देईन. आतून फट उघडून हाड भरण्याच्या पद्धतीत करंगळीकडे जाणारी नस ताणली जाण्याची भीती असते, त्यामुळे पहिली निवड म्हणून ती मला पटत नाही.

तारा ढिल्या पडून वाकडेपणा काही अंशी परतणे आणि नसेला इजा होणे (ती बहुधा तात्पुरती असते) हे धोके दोन्ही मार्गांत आहेत. होकार देण्यापूर्वी त्यांबद्दल विचारून घ्यावे. आणि प्लास्टर निघाल्यावर हाडवैद्याकडून किंवा घरी तेल लावून कोपर चोळू नये, जोर लावून वाकवूही नये. त्याने स्नायूत हाड धरून सांधा आखडू शकतो. मुलाने आपल्या कलाने खेळत, जेवत, दप्तर उचलत हात हलवला की हालचाल हळूहळू परत येते.